चोवीस वर्षांनी आलेला तेरावा भाग

रंगभूमीवरील जुन्या नाटकाचा नवा प्रयोग आणि जुन्या नभोनाट्याचे पुनरुज्जीवन या दोन गोष्टी वरवर सारख्या वाटत असल्या, तरी त्यांच्या अडचणी अगदी वेगळ्या आहेत. रंगभूमीवरचे नाटक संहितेच्या रूपाने मागे उरते आणि प्रत्येक पिढीतले नट तीच संहिता आपापल्या परीने उभी करतात. ‘एकच प्याला’तली सिंधू बालगंधर्वांनी गाजवली म्हणून त्यांच्यानंतर ती भूमिका कोणी केली नाही, असे झालेले नाही. नभोनाट्य मात्र ध्वनिमुद्रणाच्या रूपाने उरते. त्यात शब्दांबरोबर विशिष्ट माणसाचा आवाज, त्याने वाक्यामध्ये घेतलेला श्वास, मागे वाजलेले संगीत आणि दार लोटल्याचा आवाजही कायमचा गोठलेला असतो, आणि पुन्हापुन्हा ऐकून तो श्रोत्याच्या कानात इतका मुरतो, की त्याहून वेगळे काहीही त्याला खोटे वाटू लागते. त्यातच ते नभोनाट्य विनोदी असेल तर अडचण दुप्पट होते, कारण विनोदाचे निम्मे बळ शब्दांच्या टायमिंगमध्ये असते. या सगळ्या अडचणी एकाच ठिकाणी पाहायच्या असतील, तर ब्रिटिश लेखक डग्लस अ‍ॅडम्स यांच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ या नभोनाट्याच्या दुसऱ्या जन्माइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

हे नभोनाट्य बीबीसीच्या ‘रेडिओ फोर’ या वाहिनीवर ८ मार्च १९७८ रोजी, बुधवारी रात्री साडेदहा वाजता प्रथम प्रक्षेपित झाले. हिचहायकर म्हणजे रस्त्याच्या कडेला उभे राहून, येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांना अंगठा दाखवत, मिळेल त्या गाडीतून फुकट प्रवास करणारा वाटसरू. अशा वाटसरूंसाठी साऱ्या आकाशगंगेची माहिती देणारे एक इलेक्ट्रॉनिक पुस्तक असते, ही मूळ कल्पना. ते पुस्तकच या नाटकाचा निवेदक असून त्याच्या पात्राचे नावही नुसते ‘पुस्तक’ असे आहे. आर्थर डेंट या अगदी साध्या इंग्रज गृहस्थाचे घर रस्त्यासाठी पाडायला बुलडोझर येतात, आणि त्याच दिवशी अंतराळातल्या एका महामार्गासाठी सगळी पृथ्वीच पाडली जाते, येथून कथा सुरू होते. भूसंपादनाच्या नोटिसा कुठल्या कचेरीच्या कुठल्या फळ्यावर लागतात आणि त्या वाचायला तिथे कोण जाते, हे ज्याला ठाऊक आहे त्या वाचकाला या विनोदाची जात वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. आर्थरचा मित्र फोर्ड प्रीफेक्ट हा प्रत्यक्षात परग्रहावरचा, त्या मार्गदर्शक पुस्तकाचा बातमीदार निघतो, आणि दोघे एका यानात शिरून वाचतात. पुढे दोन डोक्यांचा झेफॉड बीबलब्रॉक्स, पृथ्वीवरून आधीच निसटलेली ट्रिलियन आणि मार्व्हिन नावाचा कायम खिन्न असलेला यंत्रमानव त्यांना भेटतात.

अ‍ॅडम्स यांना या कथेसाठी रेडिओच का सुचला, याचे उत्तर त्या काळच्या तंत्रात आहे. ब्रिटिश नभोविनोद तोवर बहुधा प्रेक्षकांसमोर, त्यांच्या हशासह मुद्रित होत असे. निर्माते सायमन ब्रेट यांच्या देखरेखीखाली १९७७ मध्ये नमुना-भाग तयार झाला तेव्हा आणि नंतर जेफ्री पर्किन्स यांनी मालिकेची सूत्रे हाती घेतल्यावरही ही प्रथा मोडली गेली. लंडनच्या पॅरिस स्टुडिओत प्रेक्षक न बोलावता तुकड्यातुकड्याने काम चाले. यंत्रमानवाचा किंवा परग्रहवासीयाचा आवाज नंतर यंत्रांतून काढून बदलता यावा म्हणून तो नट इतरांपासून वेगळा, कपाटाएवढ्या जागेत उभा केला जाई. स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या अशा दोन स्वतंत्र मार्गिकांतून येणारा आणि त्यामुळे ऐकणाऱ्याला दिशा सांगणारा ध्वनी, संगीतासाठी रुळला होता. विनोदी मालिकेसाठी बीबीसीने तो येथे पहिल्यांदा वापरला. आधुनिक रॉक संगीताच्या तबकडीत ध्वनीचे जसे थरावर थर असतात तसे आपल्या नाटकात असावेत, असा अ‍ॅडम्स यांचा हट्ट होता आणि त्याला साथ मिळाली ती ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ या बीबीसीच्या विभागाची. हा विभाग १९५८ मध्ये सुरू झाला होता आणि फिती कापणे, जोडणे, उलट्या फिरवणे, सिंथेसायझरवर सूर घडवणे अशा मार्गांनी कधी कोणी न ऐकलेले आवाज तयार करणे, हे त्याचे कामच होते. शीर्षकसंगीत म्हणून ‘ईगल्स’ या अमेरिकन संगीतसमूहाच्या १९७५ च्या ध्वनिमुद्रिकेतली ‘जर्नी ऑफ द सॉर्सरर’ ही रचना घेतली गेली. तिच्यातला बँजो दूरच्या, किंचित वेडसर प्रवासाची हवा तयार करतो.

या तंत्राचा कस तिसऱ्या भागातल्या एका प्रसंगात लागतो, आणि तो जरा जवळून पाहण्यासारखा आहे. नायकांच्या यानावर दोन क्षेपणास्त्रे चालून येतात. यानात ‘असंभाव्यता-यंत्र’ आहे, म्हणजे घडण्याची शक्यता जवळजवळ शून्य असलेली गोष्ट घडवून आणणारे इंजिन. ते सुरू होताच एका क्षेपणास्त्राचा होतो देवमासा आणि दुसऱ्याची होते पेटुनियाच्या फुलांची कुंडी. देवमासा जमिनीपासून कित्येक मैल उंचीवर नुकताच जन्मला आहे, त्याला स्वतःविषयी काहीच ठाऊक नाही, आणि खाली पडता पडता तो आजूबाजूच्या गोष्टींना उत्साहाने नावे देत सुटतो. वाऱ्याचा घोंगावा वाढत जातो, त्यावर एका भोळ्या आवाजाचे स्वगत चालू राहते, आणि मग स्वगत थांबते. चित्रपटात या प्रसंगाला देवमासा दाखवावा लागतो आणि दाखवला की तो कसा दिसतो याकडे लक्ष जाते. रेडिओवर एक नट, एक वारा आणि एक शांतता एवढ्यावर काम भागते. कुंडीच्या मनात मात्र त्या वेळी एकच विचार येतो, ‘पुन्हा तेच’ अशा अर्थाचा, आणि तिला तसे का वाटले हे कळले तर विश्वाविषयी बरेच काही कळेल, अशी टिप्पणी करून निवेदक पुढे जातो. ही कुंडी पुढे पुन्हा येणार आहे.

पहिल्या मालिकेचे सहा भाग झाले, त्यांतल्या शेवटच्या दोन भागांच्या लेखनात अ‍ॅडम्स यांचे मित्र जॉन लॉइड यांचा हात होता. १९७८ च्या नाताळात एक विशेष भाग आला आणि जानेवारी १९८० मध्ये एकाच आठवड्यात, रोज एक याप्रमाणे, आणखी पाच. असे हे बारा भाग. १९७९ साली विज्ञानकथेच्या क्षेत्रातल्या ह्यूगो पुरस्काराच्या नाट्यविभागात या नभोनाट्याला नामांकन मिळाले, पण पुरस्कार ‘सुपरमॅन’ या चित्रपटाने नेला. दरम्यान कथेला इतरत्र पाय फुटले होते. १९७९ मध्ये पहिली कादंबरी आली, १९८० मध्ये दुसरी, १९८१ मध्ये दूरचित्रवाणी मालिका, १९८२ आणि १९८४ मध्ये आणखी दोन कादंबऱ्या, १९८४ मध्येच संगणकावरचा खेळ, १९९२ मध्ये पाचवी कादंबरी. गंमत अशी, की या अवतारांपैकी कोणतेही दोन एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. अ‍ॅडम्स प्रत्येक वेळी तीच कथा नव्याने सांगत, मागचे सोयीस्करपणे विसरत आणि विसंगतीची त्यांना फारशी खंत नसे. एकाच कथेचे अनेक पाठ असणे हे रामायणाची देशोदेशीची रूपे ऐकत आलेल्या समाजाला नवे नाही. परंतु रामायणाचे पाठ वेगवेगळ्या कवींचे होते, हे मात्र सारे एकाच लेखकाच्या हातचे होते. म्हणून पुनरुज्जीवनाची वेळ आली तेव्हा मूळ संहितेशी इमान राखायचे म्हणजे नेमके कोणत्या संहितेशी, हाच पहिला पेच ठरला.

रेडिओवर परतण्याचा विचार लेखकाच्या हयातीतच झाला होता. १९९३ मध्ये तिसऱ्या कादंबरीवर मालिका करण्याचे ठरले आणि त्यासाठी अ‍ॅडम्स यांनी डर्क मॅग्ज या निर्माता-दिग्दर्शकाची निवड केली. मॅग्ज यांची ओळख ‘कानांसाठी चित्रपट’ करणारा माणूस अशी होती. नटांना एका जागी उभे करून संवाद वाचून घ्यायचे आणि वर चार आवाज पेरायचे, या पद्धतीऐवजी ते संवाद, संगीत आणि ध्वनिपरिणाम यांची इतकी दाट वीण घालत की श्रोत्याला प्रसंगाचा कॅमेराच कानात फिरतो असे वाटावे. त्या काळात ते रेडिओसाठी बॅटमॅन आणि सुपरमॅन यांच्या कथा करत होते. ज्या सुपरमॅनने ‘गाइड’चा पुरस्कार हिरावला, त्याच्याच घरून ‘गाइड’ला दिग्दर्शक मिळाला, असे म्हणायला हरकत नाही. पण ती योजना तेव्हा पुढे सरकली नाही. अ‍ॅडम्स चित्रपटाच्या मागे लागून कॅलिफोर्नियात राहायला गेले आणि ११ मे २००१ रोजी, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

त्यानंतर मॅग्ज यांनी काम पुन्हा हाती घेतले आणि २१ सप्टेंबर २००४ रोजी ‘रेडिओ फोर’वर तेरावा भाग लागला. बाराव्या भागानंतर तो चोवीस वर्षांहून अधिक काळाने येत होता, तरी नव्या मालिकेची मोजणी पहिल्यापासून सुरू न करता तेरापासूनच सुरू केली गेली, आणि हा निर्णय साधा वाटला तरी त्यात मोठा दावा होता: ही नवी आवृत्ती नाही, थांबलेले काम पुढे चालू आहे. मराठी कानाला ‘तेरावा’ या शब्दात सुतक संपवून माणसे पुन्हा रोजच्या व्यवहाराला लागतात तो दिवस ऐकू येतो. लंडनमध्ये हा अर्थ कोणाच्या मनात असण्याचे कारण नाही, पण तो येथे चपखल बसतो खरा.

तेरावा भाग म्हटल्यावर बाराव्याशी सांधा जुळवणे आले, आणि तिथेच पहिली मोठी अडचण उभी राहिली. पहिल्या रेडिओ मालिकेच्या आणि दुसऱ्या कादंबरीच्या अखेरीस आर्थर व फोर्ड प्रागैतिहासिक काळातल्या पृथ्वीवर अडकून पडतात. तिसरी कादंबरी तिथूनच पुढे सुरू होते. दुसऱ्या रेडिओ मालिकेने मात्र त्यांना तिथून केव्हाच सोडवले होते आणि शेवटी आर्थर सोबत्यांना मागे टाकून यान घेऊन निघून जातो, अशा भलत्याच टोकाला कथा नेली होती. ट्रिलियनचे तर त्या मालिकेत एका ओझरत्या उल्लेखात लग्न लावून तिची बोळवणच केली होती, तीही आकाशगंगेतल्या रोटरी क्लबच्या एका शाखाध्यक्षाशी. मॅग्ज यांनी उपाय काढला तो असा, की दुसऱ्या मालिकेत घडलेले सारे झेफॉडच्या डोक्यातले भ्रम होते आणि ट्रिलियन ते तसे म्हणून उडवून लावते. ‘ते सगळे स्वप्न होते’ ही कथाकाराची सर्वांत स्वस्त पळवाट मानली जाते आणि एरवी ती मानावीच. परंतु ज्याच्या धडावर दोन डोकी आहेत आणि दोन्हींवर कोणाचा भरवसा नाही अशा पात्राच्या बाबतीत ती पळवाटही विनोदाचाच भाग होते. शिवाय पाचव्या मालिकेत, जुन्या घटनांतली काही पात्रे परत आणून, तो भ्रम तितकासा भ्रम नव्हता असे सूचित करण्यात आले, म्हणजे फाडलेले पान पुन्हा चिकटवलेही गेले. जुन्या श्रोत्यांची चोवीस वर्षांची स्मृती खोटी ठरवून टाकणे दिग्दर्शकाच्या जिवावर आले असावे.

दुसरी अडचण गद्याची होती. पहिल्या दोन मालिका रेडिओसाठीच लिहिलेल्या असल्यामुळे त्यांतला विनोद बोलण्यातून, अडखळण्यातून, आवाजातून येतो. तिसरी कादंबरी मात्र प्रथम कागदावर उतरली होती. तीही मुळात ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या चित्रपटासाठी सुचलेल्या एका कथानकातून निघालेली. तिच्यातला बराचसा विनोद निवेदकाच्या लांबलचक वाक्यांत, कंसातल्या टिपणीत आणि अवचित दिलेल्या उपमेत आहे. अशा मजकुराचे नाट्यरूपांतर करताना दोनच वाटा असतात: निवेदकाला बोलू द्यायचे, म्हणजे विनोद शाबूत राहतो पण नाटक थांबते, किंवा निवेदकाची वाक्ये पात्रांच्या तोंडी घालायची, म्हणजे नाटक चालते पण पात्रे एकाएकी लेखकासारखी बोलू लागतात. रूपांतर कादंबरीच्या जवळ राहावे अशी लेखकाची इच्छा असल्याने २००४ च्या सहा भागांत मॅग्ज पहिल्या वाटेने बरेच चालले, आणि स्पष्टच सांगायचे तर ती मालिका काही ठिकाणी नाटकापेक्षा सजवलेल्या अभिवाचनासारखी वाटते. २००५ मधल्या पुढच्या दोन मालिकांत हात मोकळा सुटला आहे आणि त्या ऐकायला अधिक वेगवान आहेत.

तिसऱ्या मालिकेतली सर्वांत जमलेली जागा मात्र कादंबरीतल्या मजकुराला रेडिओचाच एक जुना प्रकार सापडल्यामुळे जमली आहे. कथेत आर्थर आणि फोर्ड प्रागैतिहासिक काळातून एका तरंगत्या सोफ्यावर बसून थेट लॉर्ड्सच्या मैदानावर, चालू सामन्यात येऊन पडतात, आणि पाठोपाठ पांढऱ्या पोशाखातले यंत्रमानव येऊन ‘अ‍ॅशेस’चा करंडक पळवतात. क्रिकेट हा खेळ म्हणजे एका भयंकर आंतरतारकीय युद्धाची, अर्थ विसरून केवळ रूढी म्हणून जपलेली आठवण आहे, आणि इंग्रज लोक त्याचा खेळ करतात याचा साऱ्या आकाशगंगेला धक्का बसलेला आहे, ही अ‍ॅडम्स यांची कल्पना. कादंबरीत हा प्रसंग वर्णनाने येतो. रेडिओवर मॅग्ज यांनी हेन्री ब्लोफेल्ड आणि फ्रेड ट्रूमन या खऱ्याखुऱ्या समालोचकांनाच त्यांच्या स्वतःच्या भूमिकेत आणले. मैदानावर अचानक उगवलेल्या सोफ्याचे वर्णन धावत्या समालोचनाच्या त्याच संथ, काहीही झाले तरी विचलित न होणाऱ्या लकबीत होऊ लागले. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकलेल्या पिढीला यातली खुमारी चटकन उमगेल, कारण समालोचक हा मुळातच न दिसणारे दाखवणारा नभोनाट्यकार असतो.

तिसरी अडचण आवाजांची, आणि येथे रेडिओने पुनरुज्जीवनाला उघड मदत केली. चोवीस वर्षांनी तोच नट पडद्यावर आणला तर त्याचे केस आणि पोट आधी बोलते. आवाज मात्र शरीराच्या मानाने उशिरा म्हातारा होतो. आर्थरच्या भूमिकेत सायमन जोन्स, ज्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच अ‍ॅडम्स यांनी हे पात्र लिहिले होते, फोर्डच्या भूमिकेत जेफ्री मॅकगिव्हर्न, झेफॉडच्या भूमिकेत मार्क विंग-डेव्ही, ट्रिलियनच्या भूमिकेत सुझन शेरिडन आणि मार्व्हिनच्या भूमिकेत स्टीफन मूर, असे पाचही प्रमुख आवाज २००४ मध्ये परत आले. परत येऊ शकला नाही तो सर्वांत महत्त्वाचा आवाज. ‘पुस्तका’साठी १९७७ मध्ये पीटर जोन्स यांच्यासारखा आवाज हवा, असे म्हणत शोधाशोध झाली होती आणि बरीच नावे मागे पडल्यावर खुद्द पीटर जोन्स यांनाच विचारावे हे सुचले होते. आपणच सांगत असलेल्या माहितीने आपणच थोडे गोंधळलेल्या सज्जन काकांसारखा तो आवाज २००० साली त्यांच्याबरोबर गेला. मॅग्ज यांनी त्याची नक्कल करणारा नट शोधला नाही. त्यांनी घेतलेले विल्यम फ्रँकलिन हे इंग्लंडमध्ये एका शीतपेयाच्या जाहिरातींमुळे घरोघरी ओळखीचे झालेले, गुळगुळीत, आत्मविश्वासू आवाजाचे नट होते. ‘पुस्तक’ हे इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे त्याची सुधारित आवृत्ती निघाली असे मानायला कथेतच जागा होती. तरीही गेलेले ते गेलेच. फ्रँकलिन माहिती चोख देतात, जोन्स यांच्यासारखे तिच्यावर चकित होत नाहीत.

आता ती पेटुनियाची कुंडी. तिसऱ्या कादंबरीत आग्राजाग नावाचे एक पात्र येते. हा जीव वारंवार जन्म घेतो आणि प्रत्येक जन्मी, कधी माशी होऊन तर कधी ससा होऊन, आर्थरच्याच हातून आणि आर्थरच्या नकळत मारला जातो. मागच्या सगळ्या मृत्यूंची आठवण त्याला आहे आणि त्या सगळ्यांचा हिशेब त्याला चुकता करायचा आहे. आकाशात उगवून खाली आदळलेली ती कुंडी हाही त्याचाच एक जन्म होता, म्हणूनच तिला ‘पुन्हा तेच’ असे वाटले होते. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा लहानपणापासून ऐकलेल्या वाचकाला आग्राजागची तक्रार विशेष समजेल. पूर्वसंचिताचा कुठलाही खुलासा न देता त्याला नुसता फेराच दिला गेला आहे. ही भूमिका आपण स्वतः करावी, अशी अ‍ॅडम्स यांची इच्छा होती. त्यांनी आपल्या कादंबरीचे ध्वनिपुस्तक स्वतःच्या आवाजात वाचून ठेवलेले होते. त्या वाचनातली आग्राजागची वाक्ये वेगळी काढून, त्यांवर ध्वनिप्रक्रिया करून, मॅग्ज यांनी ती नाटकात बसवली, आणि सायमन जोन्स यांनी काही वर्षांपूर्वी गेलेल्या आपल्या मित्राच्या मुद्रित आवाजासमोर प्रसंग केला. श्रोत्याला जोड कुठे आहे ते कळत नाही. आर्थरने आपल्याला किती वेळा मारले याचा पाढा वाचणारे, मरणाविषयी तक्रार करणारे ते पात्र मृत लेखकाच्याच आवाजात बोलत आहे, ही गोष्ट कोणी ठरवून लिहिली असती तर ती अतिरंजित वाटली असती. येथे ती केवळ हाताशी असलेल्या फितीचा योग्य उपयोग करण्यातून घडली. संपूर्ण पुनरुज्जीवनात याहून सरस जागा नाही.

साधने दरम्यान बदलली होती. रेडिओफोनिक वर्कशॉप १९९८ मध्ये बंद झाले होते. फिती कापून आठ-आठ दिवस जे आवाज घडवले जात ते आता संगणकावर काही तासांत होत, आणि नव्या मालिकांचे मिश्रण श्रोत्याच्या चहूबाजूंना पाच ध्वनिक्षेपक आणि गडगडाटासाठी सहावा, अशा ‘फाइव्ह पॉइंट वन’ पद्धतीचेही केले गेले. संगीत पॉल ‘विक्स’ विकन्स यांनी दिले. सोय वाढली की संयम कमी होतो, आणि नव्या भागांत काही वेळा इतके आवाज एकदम येतात की संवादाला कोपर मारून वाट काढावी लागते. १९७८ च्या मुद्रणात, प्रत्येक आवाज कष्टाने मिळवलेला असल्यामुळे, त्यांना एक प्रकारची जपणूक लाभली होती.

मालिकांची नावे क्रमदर्शक शब्दांशी खेळत ठेवली गेली. पहिली ‘प्रायमरी’, दुसरी ‘सेकंडरी’, तिसरी ‘टर्शरी’ इथवर ठीक; चौथीला मात्र ‘क्वांडरी’ म्हटले गेले, ज्याचा अर्थ चौथी असा नसून पेच असा आहे. याच कथेवरचा चित्रपट ब्रिटनमध्ये २८ एप्रिल २००५ रोजी झळकला आणि ३ मेपासून ही चौथी मालिका सुरू झाली. तिला लागूनच ३१ मेपासून पाचवी, ‘क्विंटेसेन्शियल’. पाचव्या कादंबरीत समांतर विश्वे आहेत आणि त्यांत ट्रिलियनची दोन रूपे भेटतात, एक अंतराळात गेलेली आणि एक पृथ्वीवरच राहिलेली. मॅग्ज यांनी पहिलीसाठी रेडिओवरच्या सुझन शेरिडन आणि दुसरीसाठी १९८१ च्या दूरचित्रवाणी मालिकेतल्या सँड्रा डिकिन्सन यांना घेतले, म्हणजे कथेच्या दोन अवतारांतली विसंगतीच भूमिकांच्या वाटपात कामाला लावली. भारतीय श्रोत्याला ओळखीचा असा सईद जाफरी यांचा आवाजही याच मालिकेत, खांबावर राहणाऱ्या एका साधुपुरुषाच्या भूमिकेत, ऐकू येतो.

पाचव्या कादंबरीचा शेवट अतिशय काळा आहे: सर्व विश्वांतल्या सर्व पृथ्व्या नष्ट होतात आणि त्यांबरोबर मुख्य पात्रेही. तो शेवट फार खिन्न झाला आणि सहावे पुस्तक जरा आनंदाचे लिहावे, असे अ‍ॅडम्स यांनी नंतर बोलून दाखवले होते. रेडिओवर तो शेवट आधी जसाच्या तसा होतो. मग कानात घालायच्या, सर्व भाषांचे भाषांतर करणाऱ्या ‘बेबल’ माशांना धोक्याच्या क्षणी निसटून जाण्याची विद्या असते आणि ते आपल्या धारकांनाही बरोबर नेतात, असे कळते, आणि सारी मंडळी विश्वाच्या अंताशी असलेल्या उपाहारगृहात पुन्हा भेटतात. लेखकाच्या छापील शेवटात दिग्दर्शकाने बदल करावा की नाही, यावर मतभेद होऊ शकतो. पण ज्या लेखकाने आपली कथा दर माध्यमात स्वतःच मोडून नव्याने बांधली, त्याच्या बाबतीत शेवट न बदलणे हीच कदाचित परंपरा मोडल्यासारखी गोष्ट झाली असती.

सहावी मालिका ८ मार्च २०१८ रोजी, पहिल्या प्रक्षेपणाला बरोबर चाळीस वर्षे झाली त्या दिवशी, सुरू झाली. ती ओइन कोल्फर या आयरिश लेखकाने अ‍ॅडम्स यांच्या पश्चात २००९ मध्ये लिहिलेल्या सहाव्या पुस्तकावर बेतलेली होती. विल्यम फ्रँकलिन २००६ मध्ये आणि सुझन शेरिडन २०१५ मध्ये असे दोघे निवर्तले होते. मार्व्हिनचा आवाज जिम ब्रॉडबेंट यांनी दिला, ट्रिलियन सँड्रा डिकिन्सन झाल्या आणि ‘पुस्तक’ झाले ते १९७८ मध्ये शेवटच्या दोन भागांना हात लावणारे जॉन लॉइड. पहिल्या भागात स्टीफन हॉकिंग यांचाही आवाज होता. तो प्रक्षेपित झाल्यानंतर सहाव्या दिवशी, १४ मार्च रोजी, त्यांचे निधन झाले आणि मालिकेचे पाच भाग अजून यायचे होते. या सहा भागांसह एकूण संख्या बत्तीस झाली. त्यांतल्या पहिल्या आणि बत्तिसाव्या भागात आर्थर डेंटचा आवाज एकाच माणसाचा आहे.